तात्यांची पेटी आणि माझा ताप

टायफॉइड झाला होता हे मी अजूनही चटकन सांगत नाही. कुणी विचारलं तर मुदतीचा ताप होता म्हणते, आमच्या सणसरकडे सगळे म्हणतात तसं. माझा विषय मराठी. पण आमच्या हायस्कूलमध्ये शास्त्राचे शिक्षक कायम अपुरे, त्यामुळे आठवीचा आरोग्याचा धडा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आजारी माणसाच्या शौचातून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात, असे बाण मी दरवर्षी फळ्यावर काढत आले. त्या बाणाच्या टोकाशी एक दिवस आपण असू असं कधी वाटलं नव्हतं. आजारातून उठल्यावर तो धडा शिकवताना मी मुलांकडे पाठ करून उभी राहायचे.

ही लाज तशी लहान होती. काही महिन्यांत ती गेली. दुसरी एक लाज आहे, ती माझ्या सासऱ्यांच्या मरणाशी जोडलेली आहे आणि ती जाईल असं वाटत नाही. पण माझ्यासारखं कुणी आज त्याच खाटेवर पडलेलं असेल, घरी कुणी त्याच्यासाठी शेजारून गोळ्या आणत असेल, तर त्यांना हे कळायला हवं, म्हणून लिहिते. सलग लिहिता येत नाही. सुचेल तसं लिहिते आहे.

पेटी

माझे सासरे पोस्टमन होते. गावात सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून घरात आम्हीही. उभी नोकरी त्यांनी सायकलवर काढली. कारखान्याच्या क्वार्टर्स, बागाईतदारांचे बंगले, उसात हरवलेल्या एकेका घराची वस्ती, सगळी दारं त्यांना पाठ होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या बौद्ध वस्तीतल्या विहारात औषधांची पेटी सुरू केली. पेटी म्हणजे पत्र्याची जुनी ट्रंक. ज्यांना औषधं परवडतात त्यांच्या घरी ती उरतात, हे त्यांनी दारोदारी फिरताना पाहिलेलं होतं. आता ते त्याच दारांवर जाऊन म्हणत, टाकू नका, आम्हाला द्या. आणलेल्या गोळ्या ते मुदतीची तारीख बघून निवडत, पाकिटात भरत आणि वर ठळक अक्षरात लिहीत: ताप, खोकला, जुलाब, जखम. लोक मात्र रंगावरून मागत. तात्या, लाल-काळीच द्या, मागच्या खेपेला तिनंच गुण आला होता.

तात्यांचे थोरले भाऊ लहानपणी तापात गेले होते. त्यांचे वडील मुलाला खांद्यावर टाकून एका डॉक्टरच्या पायऱ्यांखाली उन्हात उभे राहिले होते आणि त्यांना वर बोलावलं गेलं नव्हतं. ही गोष्ट तात्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भाजीची जुडी निवडता निवडता. "औषधासाठी आपल्या माणसानं कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं न्हाय," एवढंच ते नेहमी म्हणत. त्यासाठी म्हातारपणी ते स्वतः किती दारांत उभे राहत होते, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. माझ्याही आलं नाही.

पेटीची एक रीत होती. ताप उतरला, बरं वाटलं, की उरलेल्या गोळ्या परत पेटीत ठेवायच्या. पुढच्याला होतील. हे आमच्या वस्तीत दान मानलं जाई. तीन गोळ्यांत उठलो, बाकीच्या ठेवून आलो, असं माणसं अभिमानानं सांगत. एखाद्यानं सगळं पाकीट संपवलं तर पारावर त्याची थट्टा व्हायची, काय रं, औषध घेत हुतास का जेवत हुतास. मीही खोकल्याच्या गोळ्या निम्म्या परत ठेवलेल्या आहेत आणि तेव्हा मला बरं वाटलेलं आहे. या सगळ्यात कुणाचाही लोभ नव्हता. जे बिघडलं ते आमच्या चांगुलपणातून बिघडलं, म्हणून ते दिसायला इतका वेळ लागला.

ताप

नव्वदनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक फेब्रुवारी, उन्हाळ्याचं तोंड. सराव परीक्षेचे पेपर तपासताना डोकं दुखू लागलं. मला वाटलं, मुलांच्या अक्षरानं दुखतंय. संध्याकाळी अंग तापलं. तात्यांनी पेटीतल्या लाल-काळ्या कॅप्सूल आणल्या. घड्याळ बघून, तांब्यात पाणी घेऊन ते खाटेशी येत, टपाल चुकू नये तशी त्यांची एकही वेळ चुकली नाही. त्या संपल्या, तशा त्यांनी पिवळ्या दिल्या. पिवळ्या थोड्याच होत्या. मग पांढऱ्या गोळ्या. प्रत्येक वेळी घाम सुटायचा, घरातल्यांना हायसं वाटायचं आणि दुपारनंतर ताप पुन्हा वर चढायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या पेज करून चमच्यानं भरवत. मुदतीचा ताप मुदत संपल्याशिवाय हटत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझे पती सुधाकर बारामतीच्या एसटी डेपोत कारकून आहेत. एका दुपारी ते घरी आले तेव्हा मी त्यांना सर म्हणून हाक मारली आणि सुट्टी मागितली. त्यांनी कारखान्यावरून जीप आणली आणि मला बारामतीच्या एका खासगी रुग्णालयात हलवलं. बरोबर आत्या होत्या आणि तात्या. तात्यांनी रिकामी पाकिटं खिशात घेतली होती. डॉक्टरांना कळायला नको का काय दिलंय ते, म्हणाले.

वॉर्डात

भेटीची वेळ होती. बायकांचा वॉर्ड नातेवाइकांनी भरलेला. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्या दिवशी त्या सकाळपासून उभ्याच असाव्यात, आवाज बसला होता. त्यांनी विचारलं, आधी काही औषध घेतलंय का? मी हो म्हणाले. कुणी दिलं? मी तात्यांकडे बघितलं. तात्या आपणहून पुढे आले आणि पाकिटं त्यांनी खाटेवर मांडली.

"मीच दिलं, मॅडम. ही बघा, क्रमानं ठेवल्यात."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाय जी. पोस्टात होतो."

कुणीतरी हसलं. डॉक्टरांनी पाकिटं हातात घेऊन बघितली आणि त्यांचा ताबा सुटला.

"मग पत्रं वाटतात तशी औषधं वाटता का? दोन याची, चार त्याची. तुमच्यासारख्यांमुळे आमच्या हातात काही उरत नाही. मारून टाकाल अशानं माणसं."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली. का काढली कोण जाणे. "चुकलं, मॅडम," म्हणाले आणि माणसांतून वाट काढत बाहेर गेले. मी खरं सांगितलं होतं. आजही मला तिथे दुसरं काही सांगता आलं नसतं. पण खरं सांगून मी त्यांना कुठे उभं केलं, ते मी तापातही पाहत होते. भावाला घेऊन वडील जिथे उभे होते, तिथेच.

त्यानंतर तात्या वॉर्डात आले नाहीत. डबा घेऊन रोज यायचे आणि खाली लिंबाखाली बसून राहायचे. डबा सुधाकर वर आणत. मी विचारलं की म्हणत, जिना चढवत नाही त्यांना आता. आत्यांना मात्र त्यांनी माझ्याजवळच ठेवलं. ती परक्या ठिकाणी एकटी नको, हा त्यांचा निरोप. म्हणून आत्या माझ्या खाटेखाली चटई टाकून राहिल्या, सुधाकर रात्री डेपोतच झोपत आणि घरी तात्या एकटे.

रोजचं

रुग्णालयातले दिवस सगळे सारखे. सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांची फेरी, मग वाट बघणं. दुपारी ताप चढायचा आणि छत जवळ यायचं. शिकलेल्या, कमावत्या बाईला दुसऱ्यानं भांडं द्यावं लागतं, स्वच्छ करावं लागतं. आत्या ते करत असताना मी डोळे मिटून घेई. एकदा त्या म्हणाल्या, "मिट डोळं, पर रडू नगं. लेकराचं करत्यात तसं करते." त्यानं जास्तच रडू आलं.

शेजारच्या खाटेवर कऱ्हाटीच्या एक मावशी होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. टाके दुखायचे म्हणून त्या स्वतः हसत नसत, पण वॉर्डाला हसवत. मी शाळेतली बाई आहे असं कळल्यावर म्हणाल्या, "तुमी पोरांना पट्टीनं हाणत असाल की. मग ह्या जंतूंना येवढं मोकळं का सोडलंया?" त्यांच्या सुनेनं आणलेल्या मोसंबीतली एक त्या रोज माझ्या उशाशी ठेवत आणि डॉक्टर खाऊ देत नाहीत म्हटल्यावर वास घ्या म्हणत. वास खरंच बरा वाटायचा. आजारपणात माणूस मोठ्या गोष्टींवर तगत नाही, हे तिथे शिकले.

टायफॉइडची नेहमीची औषधं सुरू होऊनही ताप हलेना, तेव्हा माझं रक्त पुण्याला तपासायला पाठवलं. डेपोतल्या ओळखीच्या कंडक्टरनं बाटली जपून नेली. काही दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टर खाटेवर बसल्या आणि त्यांनी हळू आवाजात सांगितलं की माझ्या रक्तातले जंतू टायफॉइडच्या नेहमीच्या कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत. एक नवं औषध आहे, ते चालेल. मी विचारलं, हे पेटीमुळे झालं का?

त्या म्हणाल्या, औषध अर्धवट घेतलं की कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात, मग तेच एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पण हे तुमच्या एका वस्तीत घडलेलं नाही. सध्या ठिकठिकाणी असे पेशंट येतायत. दुकानदार देतात, लोक मागतात, आम्ही डॉक्टरही साध्या तापाला ही औषधं लिहून देतो.

त्यांनी स्वतःलाही त्यात धरलं, ते मला आवडलं. मग वाटलं, हे तात्यांसमोर त्या बोलल्या असत्या तर.

निरोप

नवं औषध सुरू झालं त्याच संध्याकाळी सुधाकर ही बातमी द्यायला सणसरला गेले. घरात दिवा नव्हता. तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि अंगाला हात लाववत नव्हता. आम्ही सगळे एकाच माठातलं पाणी पीत होतो, त्यामुळे त्यांना ताप येणं काही नवल नव्हतं. नवल हे, की ते तापातच काही दिवस डबा घेऊन बारामतीला येत होते, लिंबाखाली बसत होते, रुग्णालयाचं दार चार पावलांवर होतं आणि ते आत आले नाहीत. मग डबाही बंद झाला. सर्दी झाली आहे, असा निरोप त्यांनी आत्यांना पाठवला होता. उशाशी पेटीतलं एक पाकीट होतं. त्यातल्याही गोळ्या त्यांनी सगळ्या संपवल्या नव्हत्या.

त्यांना त्याच रुग्णालयात आणलं. आतडं फुटलं होतं. पुण्याला हलवायची तयारी चालू असताना ते गेले. माझ्या वॉर्डाच्या खालच्या मजल्यावर.

मला सांगितलं नाही. आत्या दिसेनात, तेव्हा त्यांना बरं नाही म्हणून घरी पाठवलंय असं सुधाकरनी सांगितलं. ते खिडकीकडे बघून बोलत होते. मला कळलं ते कऱ्हाटीच्या मावशींमुळे. त्यांनी दोन दिवस एकही चेष्टा केली नव्हती. मी विचारलं, मावशी, काय झालंय? त्या म्हणाल्या, "आधी पेज संपवा." मी संपवली. मग त्यांनी सांगितलं आणि माझा हात धरून बसल्या. माझा ताप त्या दिवशी पहिल्यांदा उतरला होता. अंग हलकं लागत होतं, भूक लागली होती. पेज खाताना ती मला गोड लागली होती. त्या भुकेची जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

माझ्या रक्ताच्या तपासणीतून जे औषध सापडलं, ते त्यांच्याही तापाला चाललं असतं. त्यासाठी त्यांना फक्त एक जिना चढून यायला हवं होतं.

घरी

घरी आले तेव्हा विधी होऊन गेले होते. भिंतीवर तात्यांचा पोस्टाच्या गणवेशातला फोटो लागला होता. माझे केस पुंजक्यानं गळू लागले, मी पदर डोक्यावर घेऊन वावरायचे, आणि भेटायला येणाऱ्या बायकांना वाटायचं, सासऱ्यांचं दुःख म्हणून. आत्या माझ्याशी नीट वागत. जेवायला वाढत, औषध घेतलं का विचारत. तात्यांबद्दल एक शब्द बोलत नसत. मला वाटे, त्या मनात म्हणत असतील, मी हिच्यापाशी बसले आणि तिकडे माझा माणूस गेला. मी कधी विचारलं नाही.

फेरतपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनीच विषय काढला. "मी त्या दिवशी तसं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, पेटी अजून आहे का? आहे, म्हटलं. आमच्या शेजारच्या गयाबाईंनी किल्ली स्वतःकडे घेतली होती आणि तात्यांचं काम बंद पडू द्यायचं नाही म्हणून त्या निष्ठेनं ती चालवत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, "मी येऊन सांगितलं तर लोक मान डोलावतील आणि माझ्यापासून लपवतील. तुम्ही सांगा." मला राग आला. मोडायचं तुम्ही आणि जोडायचं आम्ही, असं काहीतरी मनात आलं. बोलले नाही.

आणि वस्तीतही बोलले नाही. जवळजवळ वर्ष गेलं. विहारावरून जाताना ती ट्रंक दिसायची. जिवंतपणी एकदा ज्यांची अब्रू माझ्या खाटेशी गेली, त्यांची मेल्यावर पुन्हा मीच कशी घालवू, असं वाटायचं. हे कारण खरं होतं. पण त्या वर्षात त्या पेटीतून किती घरांत गोळ्या गेल्या असतील, हेही खरंच होतं.

स्मृतिदिन

तात्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात सगळी वस्ती जमली. वंदना झाली. मग लोक तात्यांविषयी बोलू लागले. कुणाला त्यांनी पहिली मनिऑर्डर आणून दिली होती, कुणाच्या पोराची नोकरीची ऑर्डर भर पावसात पोचवली होती. शेवटी धोंडिबाआबा, वस्तीतले सगळ्यात वडीलधारे, म्हणाले की वर्गणी काढून औषधांसाठी लोखंडी कपाट घेऊ आणि त्यावर तात्यांचं नाव घालू. सगळ्यांना पटलं.

मग गयाबाई उठल्या. त्यांना बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी त्या मनापासून बोलल्या.

"तात्या गेलं, पर त्यांची रीत आमी मोडली न्हाय. आमची शालन तापानं पडलीया, म्हणून आली न्हाय हितं. पेटीतल्या चार गोळ्या दिल्या, अंग निवलं. उरल्याल्या काल मी परत ठिवून आले."

शालन त्यांची सून. नुकतीच लग्न होऊन आलेली, माझी जुनी विद्यार्थिनी. आदल्या दिवशी मी तिला ओट्यावर बसलेली पाहिली होती. दुपारची वेळ, चेहरा लाल आणि नजर कुठेच नाही. तो चेहरा मला ओळखता आला. आरशात पाहिला होता.

मी उठले तेव्हा काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. मी म्हणाले, "तात्या तापात पेटीतल्याच गोळ्या घेत होते. त्याच मीही घेतल्या होत्या. त्या आता चालत नाहीत. आपण थोड्या घेतो आणि परत ठेवतो, त्यानंच त्यांचा गुण जातो. मला दवाखान्यात दुसरं औषध मिळालं म्हणून मी उभी आहे. शालनला उद्या बारामतीला न्या. पेटी बंद करा."

मग मागून कुणीतरी म्हणालं, शिकल्याली माणसं, त्यांना आता वस्तीची पेटी कशाला लागतीया. दोन-चार जण हसले. धोंडिबाआबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "सूनबाई, मेलेल्या माणसाला बोल लावतीस, ते बी त्याच्या फोटोपुढं?"

त्यांचं म्हणणं मला पटत होतं, हेच अवघड होतं. मी खाली बसले.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आत्या बोलल्या. उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही, त्यामुळे सगळ्यांना वळून कान द्यावा लागला.

"ती खरं सांगतीया, आबा. मी हिच्यापाशी हुते, ते घरी एकलं. मला निरोप धाडला, सर्दी हाय. शेवटच्या दिशी मला म्हणालं, कसं जाऊ मी आत? पुन्यांदा चौघांत ती बाई बोलली असती. दाराशी बसून ऱ्हायलं, आत गेलं न्हाईत. माझा माणूस लाजंनं मेला. आता शालनला बी तसंच घरात ठिवायचं का?"

तात्यांचं हे बोलणं त्यांनी वर्षभर स्वतःजवळ ठेवलं होतं. ना मला सांगितलं, ना सुधाकरना.

गयाबाई रडायला लागल्या होत्या. "मग मी काय इख दिलं का गं पोरीला?"

"न्हाय गं," आत्या म्हणाल्या. "त्यांनी बी न्हवतं दिलं."

सोबत

शालन बरी झाली, ते आधी सांगून टाकते. तिलाही टायफॉइड होता, नेहमीच्या औषधांना तोही हलला नाही, पण ती वेळेवर गेली.

कपाट घेतलं नाही. पेटी बंद झाली, पण एका दिवसात नाही. काही घरांतून कुरकुर चालू राहिली आणि धोंडिबाआबा बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते. मग हळूहळू एक नवी रीत पडली. कुणाचा ताप हटेना झाला की वस्तीतलं एक माणूस त्याच्याबरोबर दवाखान्यात जातं. रांगेत उभं राहतं, विचारलेल्याचं उत्तर देतं, परत आणतं. औषध लागलं की शेजारीण रोज विचारते, आज घेतलंस का, आणि बरं वाटलं तरी संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही. आता थट्टा होते ती गोळ्या उरवणाऱ्याची. डॉक्टर एकदा आल्या. चटईवर बसल्या, चहा घेतला, स्वतः कमी बोलल्या आणि पुष्कळ विचारलं. आमच्या बायकांनी त्यांना सुनावलंही. त्यांनी ऐकून घेतलं.

हे वाचणाऱ्यांच्या घरी उरलेल्या गोळ्यांचा डबा असेल तर मी काय सांगणार ते त्यांना कळलंच आहे. आणि ते डबा चालवणाऱ्या माणसाला सांगायची वेळ आली तर चारचौघांत सांगू नका, एवढंच वाढवते. मला स्वतःला ते जमलं नाही.

स्मृतिदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालनबरोबर जायला तयार झाले होते. शाळेत रजेचा निरोप पाठवला होता. बाहेर आले तर आत्या पायात चपला घालून, हातात पिशवी घेऊन उभ्या. तात्या गेल्यापासून त्यांनी त्या रुग्णालयाच्या रस्त्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

"तू शाळंत जा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, डॉक्टर मला ओळखतात.

"मला बी वळखत्यात."

मी थांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. शालन गयाबाईंच्या खांद्यावर मान टाकून दगडावर बसली होती. गयाबाई रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्या आत्यांना म्हणाल्या, आधी काय दिलं म्हणून विचारतील, तर काहीच दिलं न्हाय असं सांगते मी. उगं बोलणी खायला नकोत.

"न्हाय," आत्या म्हणाल्या. "काय काय दिलंया ते समदं सांगायचं. बोलली तर मला बोलंल. मी पुढं हुभी ऱ्हाते."

बारामतीची गाडी आली. आत्या आधी चढल्या, पिशवी काखेत मारली आणि शालनला वर घ्यायला त्यांनी दोन्ही हात खाली केले.